उमेश सरांविरुद्धचा अर्ज माझ्या अक्षरात होता

उमेश सर आज सकाळी गेले.
आणि ज्या अर्जाने त्यांची नोकरी गेली, तो मी लिहिला होता.

मध्य प्रदेशातल्या सौंसरला अकरावी-बारावीत ते आम्हाला मॅथ्स शिकवायचे. शिकवायचे हिंदीत, रागवायचे मराठीत.
"डोकं घरी ठेवून येता का बे?"

वय पस्तिशीचं, लग्न नाही. गावाला बोलायला तेवढं पुरे होतं.

आम्ही बारावीत असताना बातमी आली, सरांनी लोधीखेड्याची मुलगी पाहिली आणि नकार दिला.
चार दिवसांत लोक त्या मुलीबद्दलच बोलू लागले. तिला काही आजार असेल. तिचं आधी कुठे जुळलं असेल.

मी वर्गात हात वर केला. सरांची लाडकी होते, म्हणून हिंमत.
"सर, त्या पोरीत काही खोट होती का जी?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवला.

"तिच्यात काहीच खोट नाई. चांगली पोरगी आहे. मलेच बायका आवडत नाई."

हसणं थांबलं.

"मले माणसं आवडतात. गे म्हणतात ना, तसा आहो मी. तिच्या घरच्यायले सांगतलं, पण ते कोणाले सांगून नाई राहिले. अन् बदनाम ती होऊन राहिली. म्हणून तुमाले सांगतलं. घरी जाऊन सांगा."

मग फळ्याकडे वळून इंटिग्रेशनचं उरलेलं गणित सोडवलं.

मी घरी जाऊन सांगितलं. तिखटमीठ लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "लिही."
ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सर वर्गात अश्लील बोलतात. मुलींना त्यांच्यासोबत असुरक्षित वाटतं.

मला कधीच असुरक्षित वाटलं नव्हतं. खरं तर उमेश सर असले की वर्गात सगळ्यात मोकळं वाटायचं.
तरी लिहिलं. खाली माझ्यासकट अकरा मुलींच्या सह्या.

आठवड्याच्या आत सरांचं येणं बंद झालं. निरोप वगैरे काही नाही. ते पांढुर्ण्याला बहिणीकडे राहायला गेले. पुन्हा कोणत्याही शाळेने त्यांना घेतलं नाही.
बोर्डात मला मॅथ्समध्ये डिस्टिंक्शन मिळालं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर माझ्या मुलीच्या दाखल्यासाठी तिथे गेले होते. कलेक्टर ऑफिससमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक छोटं दुकान. लॅपटॉपमागे सर बसले होते. केस सगळे पांढरे.

मी नाव सांगायच्या आत त्यांनी ते टाइप केलं होतं.

"सर, तो अर्ज..."
"तुयंच अक्षर होतं. दोन वर्षं वह्या तपासल्या तुया. ओळखू नाई का?"
"माफ करा सर."

प्रिंटरमधून कागद निघाला. त्यांनी तो हातात घेतला.

"शुभांगी, मनातून होऊन नाई राहिलं अजून. तोंडदेखलं 'माफ केलं' म्हणू का?"
मी मान हलवली. नाही.
"मंग राहू दे. पण ते खोटं होतं, एवढं कुठंतरी लिहून दे."

हो म्हटलं.
नाही लिहिलं. आधी बाबा होते. बाबा गेल्यावर सासर होतं. बघू, बघू करत राहिले.

आज ग्रुपवर मेसेज आला. हार्ट अटॅक. गाडी काढून पांढुर्ण्याला पोचले तर अंगणात सात-आठ माणसं. शाळेतलं कोणी नाही.

सरांच्या बहिणीने विचारलं, "तुम्ही कोण जी?"
"सरांची विद्यार्थिनी."
तिने माझे दोन्ही हात धरले. "कोणी तरी आलं बाप्पा," म्हणाली आणि रडायला लागली.

मी माहेरचं आडनाव सांगितलं नाही. अर्जावरचं ते तिने लगेच ओळखलं असतं.

म्हणून इथे लिहून राहिले. पूर्ण नावाच्या प्रोफाइलवरून.
सर त्या दिवशी एकही वाईट शब्द बोलले नव्हते. एका अनोळखी मुलीची बदनामी थांबावी म्हणून बोलले होते. अर्जातलं सगळं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं.

बाकी दहा जणींपैकी बऱ्याच माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. टॅग करत नाही.

श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही.
उमेश सर, नमस्कार.