दोन सॅडलबॅगा आणि एक सवाष्ण

कन्याकुमारीला बाईकवरून जायचं, हे माझ्या डोक्यात पन्नाशीत शिरलं. आमच्या घरात मोटरसायकल मी चालवते आणि श्रीकांत मागे बसतो, हे आधीच सांगून टाकते, कारण कोथरूडमध्ये अजूनही लोक सिग्नलला काच खाली करून बघतात. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, पाठ जरा नाजूक, जीभ अजिबात नाही.

"कन्याकुमारी ठीक आहे," तो म्हणाला, "आधी कोकणात चार-पाच दिवस जाऊन दाखव. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन सॅडलबॅगा आणि टाकीवर एक टँकबॅग. जे काही असेल ते बॅगांच्या आत. हँडलला, पाठीला, माझ्या मांडीवर एक जरी वस्तू आली, तरी कन्याकुमारी कारने."

अट जाचक होती, पण अन्यायाची नव्हती. मागच्या वर्षी महाबळेश्वरहून येताना मी गाजरं घेतली, मुळे घेतले, मग स्ट्रॉबेरीचा मोह आवरला नाही, आणि तो सगळा बाजार पुण्यापर्यंत श्रीकांतच्या मांडीवर बसून आला. त्यानंतर आठवडाभर तो काटकोनात चालत होता. मी अट मान्य केली. कारने कन्याकुमारी म्हणजे काय, काचेतून समुद्र बघायचा आणि एसी वाढव-कमी कर म्हणत भांडायचं.

बॅगा श्रीकांतने भरल्या. ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी इथे नीट वाचा, कारण माणूस छळवादी असला तरी बॅग सुंदर भरतो. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, म्हणजे गाडी वळणावर डुलत नाही. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. कपडे घडी न घालता गुंडाळायचे आणि प्रत्येक गुंडाळी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. जीन्स घरी ठेवायची, एकदा भिजली की वाळत नाही. पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप, क्लचची जादा केबल, चेनचं तेल. औषधं आणि पाणी टँकबॅगेत, हाताशी. आणि सगळ्यात वर रेनसूट, प्रत्येकाचा एक.

"ऑक्टोबर आहे. पाऊस गेला," मी म्हणाले.

"पाऊस गेला हे पावसाला कुणी कळवलंय का?" तो म्हणाला. रेनसूटशिवाय घाटात जाणाऱ्या माणसाला गाडीचा परवाना देऊ नये, असं त्याचं मत आहे आणि ते तो न विचारता सांगतो. चेन ओढल्यावर बॅगेत सुपारी जाईल एवढीही फट नव्हती. आम्हा दोघांनाही त्याचा भलताच अभिमान वाटला. पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरचे आजोबा फिरायला निघाले होते. "निघालात? बरंय. चार दिवस गाडीचा आवाज नाही," एवढाच आशीर्वाद मिळाला.

चांदणी चौक मागे पडला, पौड गेलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गायला लागले. ताम्हिणीत सोनकी फुलली होती. रस्ता चांगला आहे, वळणांवर मात्र वाळू असते, तिथे ब्रेक जपून. माणगावला मिसळ खाल्ली आणि म्हसळ्यावरून दुपारी श्रीवर्धनला पोचलो. तिथे माझी कॉलेजातली मैत्रीण मेधा असते, सुपारीच्या वाडीत. रात्री मोदक, सकाळी घावन, समुद्रावर अनवाणी चक्कर. मी इतकी खुशीत होते की निघताना मेधा हातात तबक घेऊन आली तरी मला धोका कळला नाही.

"थांब, ओटी भरते."

आता ही चूक फक्त आमच्यासारखी माणसंच करू जाणोत. क्लचची केबल आठवली, पोटदुखीची गोळी आठवली, पण आपण कोकणात चाललोय, ओळखीच्या घरात उतरणार आहोत आणि सोबत एक सवाष्ण आहे, हे दोन पदवीधरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. लग्न झालेली बाई घरातून निघते तेव्हा तिची ओटी भरतात. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि नारळ. नाही म्हणायचं नसतं. वाटेत कुणाला देऊनही टाकायची नसते, घरीच न्यायची.

मला पदरही नव्हता. रायडिंग जॅकेटचा घेर पुढे धरून उभी राहिले. श्रीकांत नारळाकडे बघत होता, एखादा पाहुणा मुक्कामाला आल्यावर बघतात तसा. मेधा आत गेल्यावर त्याने मुकाट्याने बॅग उघडली. तांदूळ माझ्या जादा हातमोज्यांत ओतले, खणात गाडीचे पाने गुंडाळले, पायजमा अंगावरच्या पँटच्या आत चढवला आणि त्या जागी नारळ बसवला. "एक झाला," तो म्हणाला.

हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे वेश्वीला उतरता येतं. तिकीट किरकोळ आहे, वारा फुकट आहे, आणि मोठा वळसा वाचतो. त्या बोटीवर मी लहान मुलीसारखी कठड्याला लटकले होते. केळशीत एका काकूंच्या घरी खोली घेतली होती. जेवायला आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. इथे आम्ही पाहुणे पैसे देऊन राहिलेले, म्हणून मी निर्धास्त होते. सकाळी काकू तबक घेऊन आल्या.

"काकू, बाईकवर जागा नाही हो," मी अजिजीने म्हणाले.

"जागेचं तुमचं तुम्ही बघा. सवाष्ण रिकाम्या ओटीने गेली असं माझ्या घरात झालेलं नाही."

"हेल्मेटमध्ये घेऊ?"

काकूंनी विचार केला. "त्यात डोकं घालतेस ना? मग चालेल."

त्या नारळासाठी श्रीकांतने आपली चप्पल आणि जादा शर्ट बळी दिले. चप्पल काकूंच्या नवऱ्याला बरोबर बसली. शर्ट त्याने एकावर एक घातले. ऑक्टोबरच्या उन्हात, दोन शर्ट आणि पायजम्यावर पँट घालून, माझ्या मागे तो घामाने निथळत होता आणि दर उतारावर म्हणत होता, "आता फक्त आत्या राहिली."

आत्या म्हणजे श्रीकांतची सख्खी आत्या. दापोलीजवळच्या मुरुडला एकटी राहते. तिचे यजमान फार वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही, माडांची वाडी आहे. आम्ही दोन दिवस राहिलो. ती आमच्याबरोबर वाळूवर फिरली, मोटरसायकलवर नुसती बसून बघितली, आणि "वैशाली, मला वळणापर्यंत नेऊन आण" म्हणाली. नेऊन आणली. उतरली तेव्हा अंबाडा सुटला होता आणि चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

निघायच्या सकाळी ओसरीवर तबक तयार होतं. नारळ तिच्या माडाचा, चांगला थोराड. पण आत्या तबकाला हात लावत नव्हती, कुंपणापलीकडे बघत होती. "शेजारच्या सुमनला सांगितलं होतं ओटी भरायला. दापोलीला गेली वाटतं बाजाराला." तिने थोडी वाट पाहिली आणि तबकावर रुमाल टाकला. "राहू दे. पुढच्या वेळी."

खरं सांगते, मला आनंदच झाला. बॅगा बंद होत्या, काहीही लटकत नव्हतं, अट मी पाळली होती. कन्याकुमारी माझी होती. श्रीकांतनेही सुस्कारा टाकला.

मग मी आत्याकडे बघितलं. ती रुमालाची टोकं सारखी करत होती. आपल्या माडाचा नारळ, आपले तांदूळ, आपली सून, आणि ओटी भरायला माणूस बाहेरून. इतकी वर्षं हे असंच चाललं असणार आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

"आत्या, तुम्हीच भरा ना."

"अगं, मी कशी भरू? मला चालत नाही."

"मला चालतं."

तिने श्रीकांतकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिला नाही म्हणून बघ. मी तीस वर्षं बघतोय."

"कुंकू तरी तू तुझं लावून घे," आत्या म्हणाली. मी हात जॅकेटच्या खिशात घातले आणि कपाळ पुढे केलं. तिला वेळ लागला. कुंकू नाकावर सांडलं, मग आम्ही तिघंही हसलो. जॅकेटच्या घेरात तांदूळ पडले आणि वर तो नारळ बसला. जड होता. कन्याकुमारी गेली, हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं ते थोडं त्याचंही होतं, उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

मी नारळ घेऊन गाडीपाशी आले तर श्रीकांतने बॅग उघडली होती. त्याने सगळ्यात वरचा आपला रेनसूट काढला, ओसरीवरच्या खुंटीला टांगला आणि नारळ त्या जागी दाबून चेन ओढली.

"पाऊस गेलाय आता," तो म्हणाला.

मंडणगड, आंबेत, गोरेगाव असं करत माणगावपर्यंत ऊन होतं. ताम्हिणीत आभाळ काळं झालं आणि कोसळलं. मी थांबून माझा रेनसूट त्याला द्यायला लागले तर म्हणाला, "गाडी तू चालवतेस. गपचूप घाल." मग तो भिजला. दोन्ही शर्ट, पँट, आतला पायजमा, सगळं. आणि मागे बसून तो खदाखदा हसत होता. मी घाबरून आरशात बघत होते आणि हळूहळू मलाही हसू आवरेना. इतकं वेड्यासारखं आम्ही लग्न झाल्यापासून हसलो नसू.

घाट संपल्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. चहावाल्या बाई त्याच्या पायाखालच्या डबक्याकडे बघत म्हणाल्या, "रेनकोट नाय का तुमच्याकडं?"

"हाय की," श्रीकांत म्हणाला. "दापोलीला ठेवलाय."

"आन् तो का म्हून?"

"बॅगेत जागा नव्हती."

बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि त्याच्या चहात आलं जास्त घातलं.

घरी आल्यावर नारळाच्या वड्या केल्या. हातमोज्यांतून तांदळाचे दाणे अजून निघतात. तुम्ही निघणार असाल तर बॅगा भरताना एक कोपरा रिकामा सोडा, एवढंच माझं सांगणं. माणसांकडे जाताना भरलेली बॅग नेणं हा हिशेबच चुकीचा आहे. श्रीकांतला सणसणीत सर्दी झाली आणि तो पांघरुणात काढा पीत बसला. अटीबद्दल त्याने अक्षर काढलं नाही आणि मला विचारायचा धीर होईना.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. रेनसूट इथेच राहिलाय, पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते, म्हणाली.

"नको पाठवू," श्रीकांत शिंकत म्हणाला. "कन्याकुमारीला जाताना घेऊन जाऊ. तू वाटेतच आहेस."

पुण्याहून कन्याकुमारीला जाताना दापोली वाटेत लागत नाही. तीस वर्षं धरणांचे नकाशे काढलेल्या माणसाला हे मी काय सांगणार?