हेडमधलं भोक

चूक माझीच होती. ज्या मोटरसायकलवर बसवून दादाने मला दोन वर्षं कॉलेजात सोडलं, तिच्या इंजिनाचं हेड मी घरी गॅलरीत बसून घासलं. हेडमधली पेट्रोल आणि हवा आत जाण्याची वाट रुंद, गुळगुळीत केली की गाडी जोरात पळते, हे मीच त्याला पटवलं होतं.

"बास कर रे, तोंड दिसायला लागलं त्यात," दादा म्हणाला. पण बोट फिरवलं की कुठेतरी बारीक खरखर लागायची आणि मी पुन्हा घासायचो. शेवटी भिंत पातळ होऊन टाचणीएवढं भोक पडलं.

"कास्टिंगच कच्चं होतं, कारखान्यात ओततानाच बिघडलेलं," मी त्याला सांगितलं. त्या जुन्या मॉडेलचं दुसरं हेड मिळालं नाही. गाडी भंगारात गेली.

आज माळा आवरताना ते हेड हाती आलं. खिडकीकडे धरलं तर भोकातून उजेड आला. बाकीची वाट अजून चकाकते आहे. घासून काढलेला धातू परत भरता येत नाही. खरखर मला बोलण्यातही कधी सोसली नाही; दादाला सांगितलेलं खोटंही मी असंच गुळगुळीत केलं होतं.

संध्याकाळी हेड घेऊन त्याच्याकडे गेलो.

"दादा, कास्टिंग चांगलं होतं."

"ठाऊक आहे. त्याच दिवशी दिसलं होतं मला," तो म्हणाला. हेड त्याने हातात घेतलं नाही.

"मीच जास्त घासलं," मी म्हणालो. "आणि तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर."