ज्याचं उत्तर बरोबर, त्यानं मारायचं

आमच्या शाळेत गणिताचा तास म्हणजे मार खाण्याचा नाहीतर मार देण्याचा तास. गुरुजी तोंडी उदाहरण घालायचे आणि ज्याचं उत्तर बरोबर येईल त्यानं चुकलेल्या सगळ्यांच्या एकेक थोबाडीत ठेवून द्यायची, असा नियम होता. कोणी हळू मारली तर गुरुजी त्यालाच एक वाजवून दाखवायचे, 'अशी मारतात.' त्यामुळे कोणी हळू मारत नसे.

मी दाराशी, वेगळ्या तरटावर बसायची. माझा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव त्यानं नदीत सोडले आणि गावातली मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावाचा राग त्या ढोरांवरून होता, देवांचं त्यांना काही नव्हतं. शिवाशीव पाळायची नाही असा कायदा झाला होता म्हणे, पण तालुक्याहून, पांढरकवड्याकडून आमच्या गावाला येणारा रस्ता खराब होता, तो कायदा मधेच कुठे अडकला असावा. मला कोणी थोबाडीत मारत नसे, कारण मला हात लावायचा नव्हता. मी चुकले की गुरुजी टेबलावरचा सागवानी रूळ फेकून मारायचे. एकदा कपाळ फुटलं होतं. रूळ परत आणून मी जमिनीवर ठेवायची, मग गुरुजी त्यावर पाणी शिंपडून उचलायचे.

चौथीत त्यांनी न दिसणाऱ्या संख्येची उदाहरणं सुरू केली. त्या संख्येला ते 'क' म्हणायचे. "एका गोठ्यात काही बैल होते. तेवढेच आणखी आले, वर पाच आले, तर सत्तावीस झाले. पहिले किती?" सगळी पोरं आकडे फेकू लागली. पाटलाचा नातू पुढच्या रांगेत बसायचा. तो म्हणाला, बावीस. त्यानं पाच काढले आणि तिथंच थांबला.

मला ते सोपं वाटलं, कारण माय आणि मावशी एकाच टोपल्यात कापूस वेचायच्या. मोजताना आधी टोपल्याचं वजन काढून टाकायचं आणि राहील त्याचे दोघींचे दोन भाग करायचे. बैलांचंही तेच. वरचे पाच काढले, बावीस उरले, त्याचे दोन भाग. मी दारातून म्हटलं, "अकरा."

"बरोबर," गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांना नियम आठवला. वर्ग माझ्या हाताकडे बघायला लागला. मी उठून उभी राहिले.

"थांब, थांब! हात नको लावू कोणाले." गुरुजींनी टेबलावरचा रूळ खाली टाकला आणि पायानं माझ्याकडे सरकवला. "यानं मार. तळहातावर."

म्हणजे बाकीच्यांकडून थोबाडीत खायची आणि माझ्याकडून रूळ. मी एका टोकापासून सुरुवात केली. पाटलाच्या नातवानं ऐन वेळी हात मागे ओढला आणि रूळ बोटांच्या सांध्यावर बसला. तो गुरासारखा ओरडला. मधलं बोट तिथल्या तिथं फुगलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

संध्याकाळी त्याचा काका दोन गड्यांना घेऊन आमच्या दारात आला. गड्यांच्या हातात बैलगाडीच्या उभाऱ्या, बाजूचे जाड दांडे होते.

"काहून रे, तुह्या पोट्टीनं आमच्या पोराचं बोट मोडलं?"

"गुरुजीनं माराले लावलं मालक," बाप म्हणाला. "त्यायले इचारा."

"ढोरं ओढाचं सोडलं, आता आमच्या पोरायले हाणता?"

पहिला फटका बापानं उजव्या हातावर झेलला. हाडाचा आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडते तसा. दुसरा पाठीत बसला, तिसरा तो खाली पडल्यावर. माय काकाच्या अंगावर गेली आणि त्याच्या दंडाला तिनं चावा घेतला. तो तिला लाथा घालत होता, पण तिचे दात निघत नव्हते. शेवटी एका गड्यानं केस धरून तिला मागे ओढलं. तिच्या तोंडाला रक्त होतं, ते काकाचं. ते गेल्यावर ती अंगणात थुंकली आणि म्हणाली, "अंघोय करा म्हणा आता घरी जाऊन."

शेजारच्या म्हाताऱ्यानं बापाच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. तो बांधत असतानाच मायनं मला सांगितलं, "बस झालं. उद्यापासून शाळा नाई. माह्यासंगं वेचाले चाल."

"चौथीच्या परीक्षेले बसन ते," बाप म्हणाला.

"अन् दुसरा हात मोडला म्हंजे?"

"एक मोडला न. तो फुकट नाई गेला पाह्यजे."

मायनं कामट्या बांधायला आणखी एक चिंधी फाडून दिली. मला परीक्षेपर्यंत शाळेत टिकायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला व्हरांड्यात थांबवलं. चौथीत पास होऊ शकतील अशी पोरं त्यांच्याकडे मोजकीच होती, आणि वर निकाल दाखवावा लागायचा, म्हणून त्यांनाही मी हवी होते. पण पाटलाच्या घरून त्यांना निरोप आला होता.

"नाव नाही काढत तुझं," ते म्हणाले. "परीक्षेलाही पाठवतो. पण वर्गात उत्तर द्यायचं नाही. आलं तरी नाही."

"मंग मी चुकली असं धरसान?"

"मग काय बरोबर धरू?"

गप्प बसणं म्हणजे चूक, आणि चुकीला मार. माझ्या वाट्याचा रूळ गुरुजींनी पाटलाच्या नातवाकडे दिला. त्याचं बोट चार दिवसांत बरं झालं होतं. तो रोज दाराशी यायचा आणि मी डावा हात पुढे करायची. बापाचं वय मुलाच्या चौपट, दोघांचं मिळून पन्नास, मुलाचं किती? उदाहरण संपायच्या आत मला दहा दिसायचे. मी दात आवळून बसायची आणि रूळ खायची. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं. तळहातात भाकरी धरता येईना. पोरं हसायची. "मुकी झाली व तू?" एक जण रोज विचारायचा.

परीक्षा जवळ आली तेव्हा पाटलाच्या नातवाच्या लक्षात आलं की मी रोज डावाच हात पुढे करते.

"आज उजवा कर समोर."

"नाई."

"उजवा कर म्हनतो न वं! लिवाचा हात कर."

मी गुरुजींकडे बघितलं. ते फळा पुसत होते, आधीच पुसलेला. पोरानं माझ्या उजव्या खांद्यावर रूळ मारला, मग कोपरावर. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

तो माझ्यापेक्षा दांडगा होता. एका झटक्यात सुटला असता. पण तो सुटायचा प्रयत्नही करेना. तोंड उघडं ठेवून माझ्या बोटांकडे बघत राहिला.

"बाटला रे, बाटला!" मागून कोणी तरी ओरडलं आणि सगळा वर्ग भिंतीकडे सरकला.

"सोड. सोड मले."

"रूळ खाली टाक, मंग सोडीन."

त्यानं टाकला. मी तरीही लगेच सोडलं नाही. कातडीत नखं उतरेपर्यंत दाबलं आणि मग सोडलं. त्याला रडू कोसळलं. मार बसला म्हणून नव्हे. त्याची आजी त्याला अंगणात उभं करून गोमूत्र पाजणार होती आणि गावभर सांगणार होती. "घरी नका सांगू गुरुजी," तो म्हणत होता. गुरुजीही घाबरले होते, कारण हे त्यांच्या वर्गात, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. त्यांनी त्याला विहिरीवर हात धुवायला पाठवलं आणि सगळ्यांना दम दिला, "इथलं इथंच राहिलं पाहिजे. कोणी बोललं तर सोलून काढीन." कोणी बोललं नाही. त्यानंतर परीक्षेपर्यंत माझ्याजवळ कोणी आलं नाही.

परीक्षा दुसऱ्या गावी होती. मायबरोबर चालत गेले. कोपर सुजलेलं होतं, पण लिहिता आलं. डावा हात कागदावर दाबता येईना, म्हणून मी कागदाच्या कडेवर दगड ठेवला. गणितं सगळी सोडवली. 'क' जिथं जिथं होता तिथं तिथं शोधून काढला, आणि त्याबद्दल मला कोणाला मारावं लागलं नाही.

पास झाले. पाटलाचा नातूही झाला. तो पुढे पांढरकवड्याला शिकायला गेला. बापाचा हात वाकडा जुळला. कुऱ्हाड उचलली की त्याच्या हातून निसटायची, आणि घर तर लाकूडतोडीवर चालत होतं. तेंदूपत्त्याचा, बिडीची पानं तोडायचा हंगाम लागला तेव्हा पाचवीचा विषय त्यानंच काढला.

"तालुक्याले ठेवू का इले?"

"अन् खाचं काय?" माय म्हणाली. "पास झाली न? झालं मंग. चाल वं, पानं बांधाले फडकं घे."

मी फडकं घेतलं आणि तिच्या मागे जंगलात गेले.