दोरीच्या आतलं स्वयंपाकघर

बंदरासमोरचं, आता संग्रहालय झालेलं ते जुन्या व्यापाऱ्याचं घर म्हणजे शहराचं भूषण, असं दारावरच्या पाटीत लिहिलंय. पाटी लिहिणाऱ्याला तिथं राहावं लागलं असतं, तर त्यानं दुसरा शब्द शोधला असता. तिथं राहायची रखवालदाराची बायको. लग्न होऊन ती आली तेव्हा माहेरचे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, पाण्यासमोर घर मिळालं. पाण्याकडच्या खिडक्या मात्र घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या. हिची फक्त मागची खोली, आणि पाहुणे येण्याआधी वापरायला व्यापाऱ्याचं स्वयंपाकघर.

घरात कुणी राहतं हे पाहुण्यांना दिसता कामा नये, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा दंडक. म्हणून रोज सकाळी स्वयंपाक उरकला की शेगडी कपाटात, ओली भांडी खोलीत, फोडणीचा वास खिडकीबाहेर आणि शेवटी पाहुण्यांनी बाहेरूनच बघावं म्हणून दाराला आडवी दोरी. एखादं फडकं वाळत दिसलं, तरी कार्यालयातले साहेब नवऱ्याला बोलावून घ्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी तिनं हट्टच धरला. चढावरच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं मिळत होत्या. नवरा स्वभावानं गरीब, साहेबांपुढे तर गायच. तरी त्यानं कबूल केलं, की सोमवारी बाहेर राहायची परवानगी मागतो.

त्याच आठवड्यात तिला ताप आला आणि सकाळी उठायला उशीर झाला. हातात पळी घेऊन ती उभी, तोच दोरी नसलेल्या दारातून पाहुणे आत. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही इथंच राहता का?"

इतक्या वर्षांची लपायची सवय, तीच जिभेवर आली. "छे हो! जुन्या काळी स्वयंपाक कसा करायचे, ते दाखवायला येते मी."

लोकांनी तिचे फोटो काढले. संध्याकाळी नवऱ्याला हे सांगताना दोघंही पोट धरून हसले. कित्येक महिन्यांनी हसले बिचारे.

सोमवारी नवरा परवानगी मागायला गेला आणि काखेत गाठोडं घेऊन परत आला. गाठोड्यात जुन्या वळणाचे कपडे होते. पाहुण्यांनी साहेबांकडे तिची इतकी तारीफ केली होती, की आता रोज चूल पेटवून तिनं तिथं उभं राहायचं ठरलं होतं.

"अगं, आता लपायला नको," तो म्हणाला. "वहिनींनी घरात जीव आणला, असं साहेब म्हणाले."

"आणि खोल्यांचं?"

"कुठल्या तोंडानं काढू तो विषय? तू त्यांना इथंच हवीयस."

तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. धोंडा तिनं आपल्याच हातानं आपल्या पायावर पाडून घेतला होता.

आता दिवसभर ती दोरीच्या आत असते. परवा एक म्हातारी बराच वेळ तिच्याकडे बघत रेंगाळली.

"पाय दुखत असतील ना गं? घर लांब आहे का तुझं?"

"फार लांब आहे, आजी," ती म्हणाली. डोळ्यांना पाणी आलं, त्याचा दोष तिनं चुलीच्या धुरावर घातला.