मालकिणीचा वाटा

रामकिसनसारखा भित्रा माणूस मी बजाजनगरात दुसरा पाहिला नाय. कंपनीच्या गेटवर वॉचमन, हातात काठी, अन् ट्रकवाल्यानं डोळे वटारले की हाच बाजूला सरकायचा. गडी लातूरकडचा, औशाचा. दुष्काळात पेरलेलं उगवलंच नाय, तवा बायको केसरबाई अन् पोरगी शिवकन्या यांना घेऊन आमच्या शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आला. मी त्या शाळेत खिचडी शिजवायची. माझं, या वच्छलाबाईचं, तोंड कसं हाय ते सगळ्या गल्लीला ठाऊक, पण याच्यावर कितीही ओरडा, हा आपला "बरोबर हाय मावशी" म्हणणार. अशा माणसावर चिडून तरी काय करावं?

आमच्या मीनाक्षी मॅडमनी त्या साली एक टूम काढली. शाळा चार वर्गांची, अन् लेकरं कुणी बीडची, कुणी जालन्याची, कुणी पार बिहारची. दर शनिवारी एकाच्या आईबापानं शाळेत यायचं अन् आपल्याकडची एक रीत लेकरांना दाखवायची. तर ही शिवकन्या भर वर्गात उभी राहून म्हणली, "माझे बाबा येळवस करणार!"

येळवस म्हणजे लातूरकडचा अमावास्येचा सण. त्या दिवशी अख्खं गाव रानात. उभ्या पिकात कडब्याची झोपडीवाणी खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, ताकातली आंबील अन् शेंगा-पालेभाज्यांची भज्जी तिथंच बसून खायची, अन् वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवू घालायचं. रामकिसनच्या घरात ही रीत कधी मोडली नव्हती.

"पण पीकच नाय मावशी, तर येळवस कशात करू?" तो डोक्याला हात लावून बसला. "पोरीनं तर सगळ्यांना सांगून टाकलंय. तिला काय तोंड दाखवू?"

मी म्हणलं, "आधी उठ तिथनं, मला भांडी घासायची हायेत."

तो उठला, मोरीच्या मागं गेला, अन् परत येईचना. जाऊन पाहते तर हा मागच्या रिकाम्या प्लॉटवर उकिडवा बसलेला. चिमण्यांना टाकलेली ज्वारी तिथं भांड्यांच्या पाण्यावर उगवली होती. जागा चार हातांची, पण टँकरवर जगणाऱ्या त्या वस्तीत हिरवं म्हणावं असं तेवढंच. रामकिसन एकेका कणसावरनं हात फिरवत होता.

"मावशी, हे रान तुमचं?"

"रान कसलं रे? खरकटं पाणी पिऊन वाढलंय ते."

"पाणी तुम्हीच घातलं ना? मग मालकीण तुम्हीच. तुमच्या रानात येळवस करू का?"

मी म्हणलं, कर बाबा. चेष्टाच वाटली मला.

त्या साली येळवशीची अमावास्या नेमकी शनिवारीच आली. केसरबाई पहाटेच चुलीपुढं बसली. येळवशीला म्हणं माणसं मोजून रांधत नसतात, तिनं शेजारपाजारची पातेली पण भरून टाकली. ज्वारीत इवलीशी खोप उभी राहिली. अन् लेकरं आली किती? बोटांवर मोजावी एवढीच! बाकीच्या आया अडून बसल्या. "अमावास्येला कुणी पूजा करतं का? आम्ही नाय पाठवणार." आता घ्या! आमच्याकडं अमावास्येला चांगलं काम कुणी धरत नाय, अन् ह्यांचा तोच सण. हे मॅडमच्या ध्यानात आलं नाय अन् माझ्याही नाय.

शिवकन्या नवा परकर घालून खोपीपाशी उभी होती. वाटेकडं बघत होती, पण रडली नाय पोर. रामकिसन भरल्या पातेल्यांकडं बघत म्हणला, "मोडली मावशी. ह्या साली मोडली."

मी खवळले. "मोडली काय? रस्ता भरून माणसं चाललीत. मार की हाक!"

"मी कसा मारू? हाक रानाच्या मालकानं मारायची असते."

तो माझ्याकडं बघायला लागला. केसरबाई बघायला लागली, पोरगी बघायला लागली. माझ्या आईनं अन् मी उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपलं. लोकाच्या बांधावर बसून आपली भाकर खाल्ली. आमच्या घराण्यात गुंठाभर जमीन कुणाच्या नावावर झाली नाय. मग पदर खोचला, रस्त्याच्या कडंला गेले अन् होता नव्हता तेवढा आवाज काढला, "या हो, या! माझ्या रानात जेवायला या!"

कंपनीतली पाळी सुटून माणसं घरी चालली होती. एक सायकल थांबली, मग चार थांबल्या. निलंग्याच्या एका गड्यानं खोप पाहिली अन् सायकल तिथंच टाकून ढसाढसा रडायला लागला. त्या साली त्यालाही गावी जाता आलं नव्हतं. माझं ओरडणं ऐकून कुणाचं भांडण लागलं असं वाटून अडून बसलेल्या आयाही लेकरं घेऊन धावत आल्या, अन् केसरबाईनं त्यांच्या हातात आंबिलीच्या वाट्या दिल्या. वाटी हातात आल्यावर अमावास्या कोण काढतंय? शिवकन्या वाढून वाढून घामाघूम झाली. अन् आमचा भित्रा रामकिसन? त्यानं रस्त्यात आडवं होऊन पाण्याचा टँकर थांबवला. "मालकिणीनं बोलावलंय, जेवल्याबिगर जायचं नाय!"

पुढं पाऊस झाला अन् ते तिघं गावी परत गेले. त्या प्लॉटवर आता तीन मजली बिल्डिंग हाय. पण दर साली येळवशीच्या दुसऱ्या दिवशी रामकिसन एसटीनं येतो, मांडीवर आंबिलीचं मडकं धरून. "मालकिणीचा वाटा," म्हणतो. मी ओरडते, एवढ्या लांब कशाला आलास म्हणून. देव त्याचं भलं करो, त्यानं मला जे दिलं ते सातबाऱ्यावर मावायचं नाय.

माझ्या दारात तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे चार धांडे असतात. रामकिसन त्या डब्यापाशी चपला काढतो, अन् विचारतो, "मालकीणबाई, बसू का तुमच्या रानात?"

"बस," मी म्हणते, तवाच तो बसतो.