कोबॉलचा फुलस्टॉप

माझ्या पहिल्या तासाला चौदा मुली आल्या. सगळ्या ट्रॅकपँटमध्ये, गुडघ्यांना नी-कॅप लावून.

“सर, ग्राउंडवर चला ना,” पुढच्या बाकावरची म्हणाली. “हितं बाकं मधी येत्यात. कोबॉल हितं कसा खेळायचा?”

ही दीक्षा. तळेघरची, कॉलेजच्या कबड्डी संघाची कॅप्टन. शिपायानं माझी नोटीस जिमखान्याच्या दारावर लावली होती. ‘कोबॉलसाठी नावे द्यावीत. किमान दहा जण आवश्यक.’ मुलींना वाटलं, नवा खेळ आलाय.

कोबॉल म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. वयानं साधारण माझ्याएवढी. बँकांच्या जुन्या मशीनवर अजून चालते. मी पुण्यात नोकरीभर तीच लिहिली. रिटायर होऊन गावी, निरगुडसरला परतलो, तेव्हा घोडेगावजवळच्या या कॉलेजनं व्हिजिटिंग लेक्चरर म्हणून बोलावलं.

विभागप्रमुख डॉ. भोर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “कोबॉल? अजून आहे?” कॉम्प्युटरची मुलं तर सगळी पायथॉन या नव्या भाषेकडे. त्यातल्या एकानं मला अदबीनं विचारलं, “सर, ही भाषा म्युझियममध्ये असते ना?”

मी मुलींना खरं काय ते सांगणार, तेवढ्यात मॅडम दारात आल्या. डोकी मोजली.

“चौदा?”

“चौदा,” मी म्हणालो.

त्या नाइलाजानं गेल्या. मी मुलींना विनंती केली, “एक तास बसा. नाही पटलं तर जा.”

“एकच तास बरं का,” दीक्षा म्हणाली.

मी फळ्यावर लिहिलं, ‘अ‍ॅड वन टू आमचे-पॉइंट.’ कोबॉलमध्ये असंच सरळ वाक्य लिहायचं आणि शेवटी फुलस्टॉप द्यायचा.

“आँ? ह्ये तर आमी बोलतो तसंच हाये!” दीक्षा म्हणाली.

त्या बसल्या. दुसऱ्या तासालाही आल्या. महिन्याभरात आम्ही कबड्डीचा स्कोअरबोर्ड तयार केला. मॅडम म्हणाल्या, “घोडेगावच्या संघाशी मॅच आहे ना, तिथं चालवून दाखवा. चालला तर विषय राहील. नाहीतर बंद.”

मॅचच्या दिवशी वर्गातला टीव्ही ग्राउंडवर आणला. आमचे पॉइंट झकास वाढत होते. घोडेगावचा आकडा मात्र शून्यावरून हलेना. हाफटाइमला पंचांच्या वहीत १७–१४ आणि टीव्हीवर १७–०.

त्यांचे कोच माझ्यापाशी आले. “राव, आमच्या पोरी काय फुलं वेचायला आल्यात का?”

पायथॉनवाली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मॅडमनी मोबाइलवर एआयला विचारलं. त्यानं सगळं पायथॉनमध्ये नव्यानं लिहा, असा सल्ला दिला. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. चूक काही दिसेना.

दीक्षा पाणी पीत आली आणि रेड टाकल्यासारखं एका दमात वाचायला लागली. “इफ पॉइंट आमचा अ‍ॅड वन टू आमचे-पॉइंट इफ पॉइंट त्यांचा अ‍ॅड वन टू त्यांचे-पॉइंट...” आणि थांबली. “सर, मधी दम घ्यायला जागाच न्हाई. फुलस्टॉप कुठंय?”

खरंच नव्हता. फुलस्टॉप नसल्यामुळे दुसरी अट पहिल्या अटीच्या पोटात गेली होती. पॉइंट आमचा असेल तरच मशीन विचारायचं, तो त्यांचा आहे का? तो कशाला असेल? आणि ती ओळ मुलींची नव्हती. माझी होती. आयुष्यभर ज्युनिअर लोकांना ज्या चुकीसाठी झापलं, तीच.

फुलस्टॉप दिला. पंचांच्या वहीतून त्यांचे चौदा भरले. दुसऱ्या हाफमध्ये बोर्ड बिनचूक चालला आणि आम्ही २८–३० अशी बिनचूक हरलो.

विषय राहिला. मॅडमनी फक्त त्याचं नाव बदलून ‘एंटरप्राइज लेगसी कॉम्प्युटिंग’ केलं. पायथॉनवाली अकरा पोरं लगेच नाव द्यायला आली.

दीक्षा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “सर, त्यो फुलस्टॉप मॅच झाल्यावर दिला असता तर?”

“अगं, पंचांकडे वही होती.”

“म्हाईत हाये. पर टीव्हीवर तरी आमी जिंकलो असतो.”

प्रोग्रॅममधली चूक दिसली की लगेच दुरुस्त करावी, कोण हरतंय ते बघू नये, असं मी तिला सांगितलं. हे सांगताना मी तिच्याकडे बघायचं टाळलं.