ड्रममधली गोधडी

मी पाय मारला. ड्रम माझा, पाय माझा, आणि स्पीकरमधून आवाज आला तो भलत्याच कोणाचा.

अकोल्याची गोष्ट आहे. एका कॉलेजचं मैदान, एप्रिलचं ऊन आणि स्टेजवर ताडपत्रीची सावली. संध्याकाळी आमचा शो होता. दुपारी साउंड चेक चालू होता. साउंड चेक म्हणजे शोच्या आधी एकेक वाद्य वाजवून पाहायचं आणि मशीनवर बसलेल्या माणसानं त्याचा आवाज कमीजास्त करून लावायचा. मी मधेच चहा प्यायला खाली गेलो होतो. परत येऊन बसलो आणि उजवा पाय मारला. माझा मोठा ड्रम 'धप्प' बोलतो. पोटात लागतो. त्या दिवशी तो 'टक' बोलला, टाइपरायटरसारखा. पुन्हा मारला. पुन्हा टक.

हा मोठा ड्रम जमिनीवर आडवा ठेवतात आणि पायानं वाजवतात. त्याच्या पुढच्या पानाला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, एक भोक असतं, माइक आत घालायला. मी उठलो, गुडघे टेकले, भोकातून हात आत घातला. हाताला फोमची उशी लागली. एक तार लागली. गोधडी लागली नाही.

साउंडवाला पुण्याहून आला होता. कौस्तुभ नाव. गोरागोमटा, बोलायला गोड, गळ्यात हेडफोन.

"माह्या ड्रममधली गोधडी कोठी हाय?"

"कुठली गोधडी काका?"

"आत होती ते."

"अच्छा, ते चिंध्यांचं बोचकं? ते काढून टाकलं. आत आपण सेन्सर बसवलाय ना. ट्रिगर. आता त्याची गरज नाही."

ट्रिगर काय असतो ते सांगतो. ड्रमला एक बारीक सेन्सर लावतात. तुम्ही पाय मारला की तो कॉम्प्युटरला खबर देतो, आणि कॉम्प्युटर आधीच भरून ठेवलेला ड्रमचा आवाज सोडतो. लोकांना ऐकू जातो तो आवाज. तुम्ही हळू मारा, जोरात मारा, रडत मारा, आवाज एकसारखा साफ येतो. हेवी मेटलमध्ये हे पुष्कळ चालतं, कारण त्याच्यात दोन्ही पायांनी मोठा ड्रम इतका जलद वाजवावा लागतो की साध्या माइकवर त्याचा नुसता गडगडाट होतो. चूक नाही ते. पण मला कोणी विचारलं नाही.

"टाकलं म्हणजे कोठी टाकलं?"

"स्टेजच्या मागे. काका, बसता का जरा? डावा पाय चेक करायचाय."

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. फैझान धावत आला.

फैझान आमच्या बँडचा गिटारवाला, आणि बँडही त्यानंच उभा केला. अमरावतीचा मुलगा, इंजिनिअरिंगला होता तेव्हापासून माझ्या घरी येतो. मी शिकलो चौथीपर्यंत. धामणगाव रेल्वेला लग्नाच्या बँडपार्टीत ताशा बडवला, मग अमरावतीत ऑर्केस्ट्रात ड्रमसेटवर बसलो. परतवाड्यापर्यंत गणपतीचे, नवरात्राचे कार्यक्रम केले. पुढे डीजे आला आणि ऑर्केस्ट्रे बसले. ड्रमसेट माझ्या राजापेठच्या खोलीत धूळ खात पडला. हा पोट्टा तो भाड्यानं मागायला आला होता. मी म्हटलं, आधी दाखव काय वाजवतो ते. त्यानं मोबाइलवर ऐकवलं. गिटार अशी की लोखंड कापून राहिले. गाणारा घसा फाडून राहिला. आणि मागे ड्रमवाला असा, की त्याच्या मागे कुत्रे लागले. मी म्हटलं, ड्रम भाड्यानं मिळणार नाही, माझ्यासकट मिळेल.

माझी बायको निर्मला दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हे गाणं होय का भांडण?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मंग बरं हाय. भांडण तुमाले जमते."

अशी म्हातारपणी माझी हेवी मेटलची नोकरी लागली. नोकरीच म्हणतो मी. रोज सकाळी पायांची मेहनत, संध्याकाळी पोट्ट्यांबरोबर प्रॅक्टिस. पोट्टे मला काका म्हणत, फैझान चाचा म्हणे. बँडचं नाव इंग्रजी आहे, ते मला आजही धड घेता येत नाही.

आता गोधडीचं. आमच्या खोलीच्या वर ट्यूशन क्लास होता. मी दोन पायांची मेहनत सुरू केली आणि सर खाली आले. म्हणाले, "वहिनी, वर त्रिकोणमिती चालू आहे."

निर्मला म्हणाली, "मंग पोरायले म्हणा, ठेक्यात पाठ करा."

सर गेले. दार लावल्यावर ती माझ्यावर उलटली. "आवाज तुमचा अन् लाज मले! काहीतरी कोंबा त्याच्यात." मग तिनंच कोंबलं. स्वतःची जुनी लुगडी आणि माझा ऑर्केस्ट्रातला चमचमता शर्ट घेऊन तिनं गोधडी शिवली. ड्रमच्या आत बरोबर बसेल अशी, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. वीत लावून मापं घेतली, मला मधे बोलू दिलं नाही. आवाज दबावा म्हणून शिवलेली ती गोधडी आत गेली आणि ड्रमला तो 'धप्प' मिळाला. कोणत्याच दुकानात मिळत नाही असा. तेव्हापासून तोच माझा आवाज.

ती स्वयंपाकघरातून माझी मेहनत ऐके. मांडणीवरच्या ताटल्या थरथरत, त्यावरून तिला कळे. भाकर थापता थापता ओरडे, "डावा पाय झोपला ना तुमचा! ताटल्या एकाच अंगानं वाजून राहिल्या!"

हिवाळ्यात ती गेली. छातीत दुखतं म्हणाली, रिक्षा येईपर्यंतही थांबली नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. कपडे देऊन टाकतात. दहाव्याला मी नदीवर होतो, तेवढ्यात माझ्या मुलानं आणि साळीनं, निर्मलाच्या बहिणीनं, खोली साफ केली. निर्मलाची लुगडी गेली, गादी गेली, उशी गेली, स्वेटर गेलं. मी आलो तर फरशी पुसलेली. मी विचारलं, हे काय केलं? साळी म्हणाली, "भाऊजी, ठेवत नसतेत. जीव अडकते." कोणाचा जीव? गेलेलीचा की माझा? मला विचारलं का कोणी? माणूस नेलं, आता त्याची उशीही न्या.

ड्रममध्ये मात्र कोणी हात घातला नाही. ड्रमच्या आत काही असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मीही बोललो नाही. वर्षाच्या आत वाजवायला बसलो तर नात्यातले बोलले, बुढ्याला लाज नाही. बोलोत. मला ठाऊक होतं मी काय वाजवून राहिलो ते.

तर ते बोचकं त्या पुण्याच्या पोरानं स्टेजमागे फेकलं होतं.

"चाचा, शांत व्हा," फैझान म्हणाला. "मी आणतो शोधून. तुमी साउंड चेक करून घ्या."

"तू नको आणू. माही हाय, मीच पाह्यतो."

"चाचा, सात वाजता शो है. इतका मोठा शो आपल्याले पहिल्यांदा भेटला."

"भेटला असन."

मी मागे उतरलो. स्टेजच्या मागे वायरींचा गुंता, जनरेटर, बांबू, ताडपत्र्या. गोधडी नाही. जनरेटरवाल्याला विचारलं, त्याला जनरेटरच्या आवाजात ऐकू गेलं नाही. कचऱ्याच्या ढिगात हात घातला. पत्रावळी, बाटल्या. ऊन असं की टाळू भाजत होती. मी पोट्ट्यांना शिव्या देत होतो, साउंडवाल्याला देत होतो, साळीला देत होतो. निर्मलालाही दिली एक, खोटं कशाला बोलू. असं सोडून जायचं असतं का?

मंडपवाले लोक एका कडुनिंबाखाली बसले होते. त्यांचा मुख्य गजानन म्हणून होता, बनियनवर, खांद्यावर दुपट्टा. त्यानं मला पाहून हाक मारली.

"ओ काका, काहून उन्हात फिरून राहिले? या, पाणी घ्या. बम थंड झालं."

झाडाखाली पाण्याची टाकी होती. अकोल्याच्या उन्हात टाकीला ओलं बारदान गुंडाळतात, त्यानं पाणी थंड राहतं. त्या टाकीला बारदान नव्हतं. माझी गोधडी होती. ओलीचिंब, सुतळीनं आवळून बांधलेली. ऑर्केस्ट्राच्या शर्टाचा चमचमता तुकडा वर दिसत होता. पोट्टे येत होते, ग्लास भरत होते.

मी म्हटलं, "हे कोणं बांधलं?"

"म्या. काहून?"

"माही हाय ते."

"मले काय माईत! फेकून पडली होती. म्या म्हटलं, एवढी चांगली शिवलेली चीज, कोण भैताडानं फेकली? कामाची हाय."

त्याला मारायला हात उचलला होता मी. तो खाली आला. त्या मैदानात निर्मलाचं शिवणकाम पाहिलं ते या एका माणसानं. तीही असंच म्हणाली असती. फाटकं पोतंही ती फेकू देत नसे.

"सोड ते," मी म्हटलं.

"पाणी गरम होईन ना काका."

"होऊ दे. माह्या बायकोची हाय. गेली ती."

गजानन उठला आणि सुतळी दातानं तोडली. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून गोधडी पिळली. जडशीळ झाली होती. मी ती खांद्यावर टाकून स्टेजवर गेलो. पाठीवरून पाणी वाहत होतं.

ड्रमचं पुढचं पान खोललं. फोम बाहेर काढला. सेन्सर बाहेर काढला.

कौस्तुभ आला. "काका, हे ओलं आहे. हे आत नाही ठेवता येणार."

"येते."

"माइक खराब होईल."

"तुहा माइक वर टांग."

"काका, मी प्रामाणिकपणे सांगतो, याच्यावर तुमचा मोठा ड्रम ऐकूच येणार नाही. ट्रिगर राहू द्या. तुमच्याच भल्याचं आहे."

"माहं भलं पाहणारी गेली. तू आपलं मशीन पाह्य."

फैझान मधे पडला. माझा दंड धरून त्यानं बाजूला नेलं. "चाचा, चाचींची है मालूम है मेरे को. मग त्यांच्याकून सांगतो, आज बाजूला ठेवा. तुमच्या मांडीखाली ठेवा पाहिजे तं. आवाज गेला तं बँड जाईन."

"तिले काढून तुमी लोक माह्याच पायानं दुसऱ्याचा आवाज वाजवता अन् मले बँड शिकवता?"

त्यानं माझा दंड सोडला. मी पान आवळलं.

शो झाला. मी आयुष्यात इतकं जीव तोडून वाजवलं नाही. मांड्यांना गोळे आले तरी पाय थांबू दिला नाही. समोर पोट्टे डोकी हलवत उड्या मारत होते, मला वाटलं, लागून राहिलं त्यांच्या पोटात.

नाही लागलं. दुसऱ्या दिवशी फैझाननं मला मोबाइलवर शो दाखवला. गिटार ऐकू येते, गाणारा ऐकू येतो, ड्रमसेटच्या पितळी थाळ्या ऐकू येतात. मोठा ड्रम नाही. ओल्या गोधडीनं सगळा आवाज पिऊन टाकला होता. माझे दोन्ही पाय जिवाच्या आकांतानं हलताना दिसतात, आणि खालून काहीच निघत नाही. साउंडवाला खरं बोलला होता. पाहणाऱ्या पोट्ट्यांनी व्हिडिओखाली लिहिलं होतं, अंकल सायकल चालवत आहेत का.

फैझाननं मोबाइल खिशात ठेवला आणि चहाचा कप उचलला. मग म्हणाला, "चाचा, नागपूरचा एक लडका है ड्रमवर. आपले पोट्टे म्हणतात, पुढच्या शोले त्याले घ्या."

"तू काय म्हणतो?"

"मी पन तेच म्हणतो."

मी म्हटलं, "चाय पी अन् निघ." त्यानं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि गेला. तो कप विसळत होता तेव्हा मला त्याचा जास्तच राग आला.

गोधडी मी गच्चीवर वाळत घातली. अमरावतीचं ऊन, लवकर वाळली. वाळल्यावर नाकाला लावून पाहिली. आधी तिच्यात निर्मलाच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, ड्रम खोलला की यायचा. आता टाकीचा वास येतो. उरलेला जो काही होता, तो पाणी थंड करण्यात गेला. अकोल्याचे पोट्टे पिऊन गेले.

मी ती परत ड्रममध्ये ठेवली. जाड बाजू खाली, पातळ वर, तिनं ठेवली होती तशी. पाय मारला. धप्प. मग दोन्ही पायांनी वाजवलं. वरून सर आले नाहीत. मांडणीवरच्या ताटल्या थरथरत होत्या. एका अंगानं की दोन्ही, मला ड्रमवर बसून कळत नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझं एकच सांगणं. ड्रम दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी आत हात घालून आपलं जे असेल ते काढून घ्या. चहा नंतर प्या.